खर्जाची कणीक

आमच्या भागात आवाज छातीनं मोजतात. वैशाखातली शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक घ्या, नाहीतर अनंत चतुर्दशीची घ्या, जी बेळगावात रात्रभर चालून दुसऱ्या दिवशी उन्हं वर आली तरी आटपत नाही. कुणाची डॉल्बी कशी वाजली याचा निकाल मग चहाच्या गाड्यावर लागतो आणि तो सांगताना माणूस बरगड्यांवर हात आपटतो. "हितं बसत होतं गा!" यावर अपील नाही. अशा मुलखात, तेही राणी चन्नम्मांच्या माहेरी, म्हणजे काकतीत, कुणी सबवूफरसाठी पॉवर अँप्लिफायर घ्यायचा म्हणाला की पहिला प्रश्न येतो, "कुठल्या मंडळाला?" घरात ऐकायला, असं सांगितलं की समोरचा जरा वेळ गप्प बसतो आणि मग काळजीच्या सुरात विचारतो, "शेजारी कोण राहतंय?"

शेजारी अक्का राहतात. त्यांच्याकडे येईनच.

सिनेमातला गडगडाट किंवा तबल्यातल्या बायाँची घीस यांचा तळ साधारण २० ते ८० हर्ट्झमध्ये असतो. तिथवर टीव्हीचा आवाज पोचत नाही, चांगल्या उंच स्पीकरांचीही तिथं दमछाक होते. त्यासाठी वेगळी खोकी लागतात. माझी खोकी सुतारानं करून दिली, जाड प्लायची, आतून आडव्या पट्ट्या मारून, सांधे बुजवून, इतकी बंदिस्त की ही म्हणाली, "यात तांदूळ भरले असते तर वर्षभर किडा लागला नसता." खोकी तयार झाली, स्पीकर बसले; आता त्यांना हलवणारं यंत्र हवं. तयार सबवूफरच्या पोटात अँप्लिफायर असतोच, पण तो एकदा जळला की त्याचा बोर्ड मिळेपर्यंत खोक्यावर कुंडी ठेवायची. त्यापेक्षा स्टेजवाल्यांच्या रॅकमध्ये बसणारा, सुटा, पण आत सिग्नल प्रोसेसर असलेला अँप्लिफायर बरा. हा प्रोसेसर येणाऱ्या आवाजाचे आकडे करतो आणि कुठल्या हर्ट्झला किती, केव्हा आणि कुठवर सोडायचं ते ठरवतो. जाणकार त्याला डीएसपी म्हणतात. माझा मावसभाऊ त्याला "आतला इंजिनेर" म्हणतो.

मावसभावाचा साउंड आणि मंडपाचा धंदा. त्याला सोबत घेतल्याशिवाय असली खरेदी करणं म्हणजे घरात भांडणाला आमंत्रण. बेळगावच्या दुकानात काउंटरवर अँप्लिफायर आला तेव्हा त्यानं माहितीपत्रकाकडे बघितलंसुद्धा नाही. एका हातानं डबा उचलला, कानापाशी नेला, दोनदा हलवला आणि परत ठेवला.

"आत काय न्हाईच की गा ह्यात."

त्याचं खरंच होतं. त्याच्या गोदामातले जुने अँप्लिफायर उचलायला दोन पोरं लागतात. आत तांब्याच्या तारेनं गुंडाळलेला जाडजूड ट्रान्सफॉर्मर, सी५२०० आणि ए१९४३ या ट्रान्झिस्टरांच्या जोड्यांच्या रांगा, आणि त्यांची उष्णता वाहून न्यायला ॲल्युमिनियमचे दाते. त्या जातीत वाटेत बरीच वीज नुसती तापण्यात जाते. नव्या क्लास डी जातीत ट्रान्झिस्टर एक तर पूर्ण चालू असतो नाहीतर पूर्ण बंद, सेकंदाला लाखो वेळा. अधेमधे रेंगाळत नाही, म्हणून फारसा तापत नाही. वीजपुरवठाही स्विचिंगचा, त्यामुळे लोखंडाचं वजनही गेलं. तापच नाही तर ॲल्युमिनियम हवंय कशाला, असं मी त्याला समजावत होतो. हाकेच्या अंतरावर यमनापूरला ॲल्युमिना करणारा कारखाना असलेल्या गावात असं बोलणं तसं बरं दिसत नाही, पण बोललो. तो म्हणाला, "वजन न्हाई, त्यो माल न्हाई." दुकानदारानं त्याच्याकडे आदरानं बघितलं.

वजन निदान मोजता तरी येतं. वॅटचं तसं नाही. १९९० च्या आसपास ज्यांनी टू-इन-वन घेतले त्यांना पीएमपीओ आठवत असेल. खोक्यावर ठळक अक्षरांत १००० वॅट, आणि आत टॉर्चचे सहा सेल. सहा सेलांतून १००० वॅट निघत असते तर गावोगावी विजेचे खांब रोवायचं कारण नव्हतं. अमेरिकेत असल्या आकड्यांना आळा घालायला १९७४ सालीच सरकारी नियम आला. आपल्याकडे तो आकडा लग्नपत्रिकेवरच्या पदव्यांबरोबर सुखानं नांदला. आजही डब्यावरचा मोठा आकडा बहुधा २ ओहमला किंवा दोन्ही वाहिन्या जोडून मिळणारा असतो. क्राउनचा एक्सएलएस १५०२ घ्या. हा त्यातल्या त्यात सरळ बोलणारा. एका वाहिनीला ८ ओहमवर ३०० वॅट, ४ ओहमवर ५२५, २ ओहमवर ७७५, आणि दोन्ही जोडल्या तर १५५०. नावातला पंधराशेचा बोलबाला या शेवटच्या आकड्याचा. माझी खोकी ४ ओहमची, दोन, म्हणजे मला कामाचा आकडा ५२५. बाकीचे मावसभावाला सांगायला.

इतके तरी कशाला, हा हिचा प्रश्न, आणि तो बिनतोड आहे. रोजच्या ऐकण्याला दहा-वीस वॅट पुष्कळ होतात. पण कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल वाढावे लागतात आणि १० डेसिबल म्हणजे दहापट वॅट. त्यात खर्जाचा स्वभाव हट्टी. तेवढ्याच आवाजात एक सप्तक खाली जायचं तर स्पीकरच्या पडद्याला चौपट हलावं लागतं. शिवाय माणसाचा कानच तळाशी मठ्ठ. फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ साली मोजून दाखवलं की हलक्या आवाजात आधी खर्ज नाहीसा होतो. आजच्या प्रमाण आकड्यांनुसार २० हर्ट्झचा सूर नुसता जाणवायलाच ७८ डेसिबलच्या वर लागतो. सिनेमात विमान पडतं त्या दोन सेकंदांसाठी उरलेले वॅट राखून ठेवायचे. एवढं सगळं ऐकून ही म्हणाली, "म्हणजे पाहुण्यांसाठी." होय, पाहुण्यांसाठी.

वॅटचा हिशोब संध्याकाळी बसून संपतो. खरी गाठ पडते ती घराशी. आमची बाहेरची खोली १८ बाय १२, उंची १०, वर स्लॅब. आवाज सेकंदाला ३४३ मीटर धावतो. त्यामुळे १८ फुटांच्या दोन भिंतींमध्ये ३१ हर्ट्झची लाट बरोबर अडकते, १२ फुटांत ४७ ची आणि १० फुटांत ५६ ची. अडकलेली लाट भिंतींपाशी फुगते आणि खोलीच्या मध्यावर मरते. आता आमच्याकडे आईची खुर्ची मागच्या भिंतीला टेकलेली आणि माझी बैठक बरोबर मधोमध. एकच सबवूफर समोरच्या भिंतीशी ठेवून वाजवला की आई म्हणायची, "घर हलायलंय रे, बंद कर." मला काही ऐकूच यायचं नाही. मुलगा बेंगळुरूहून आला की दारात उभा राहून म्हणायचा, "मस्त आहे की!" तिघंही खरं बोलत होते. जुन्या कौलारू घरात ही भानगड कमी. तिथं खर्ज कौलांतून आणि झडपांतून निघून जातो आणि गल्लीचं भलं करतो. स्लॅब घालणाऱ्यांनी हा विचार केलेला नसतो.

इथं बहुतेक जण डीएसपी उघडतात आणि ३१ हर्ट्झ वर ओढतात. ते पैसे पाण्यात. जिथं लाट मरते तिथं कितीही ओता, तिथं मरतेच. १० डेसिबल चढवले म्हणजे अँप्लिफायरवर दहापट भार, आईच्या कानाशी दहापट ताकद, आणि माझ्या बैठकीवर तेच शून्य. खड्डा भरता येत नाही, उंचवटा तासता येतो. मी तर म्हणेन, प्रोसेसर घ्यायचा तो कमी करण्यासाठी. वाढवण्यासाठी जो घेतो त्याला खोटा आकडा विकणारा दुकानदार भेटतोच.

खोकं कुठं ठेवायचं ते शोधायची एक पद्धत आहे. सबवूफर आपल्या बसायच्या जागी, थेट दिवाणावर चढवायचा, एखादा खर्जाचा तुकडा पुन्हा पुन्हा लावायचा आणि आपण भिंतीच्या कडेनं, कान स्पीकरच्या उंचीला ठेवून, रांगत फिरायचं. जिथं आवाज भरीव आणि सरळ लागेल तिथं खोकं ठेवायचं. शास्त्राला हे पूर्ण मान्य आहे. पण दुपारी चारला, दिवाणावर भलं मोठं खोकं धूम धूम करतंय आणि घरचा कर्ता माणूस शोकेसच्या कोपऱ्यात डोकं घालून गुडघ्यांवर बसलाय, अशा वेळी शेजारच्या अक्का विरजण मागायला दारात आल्या.

"एन् हुडकाकत्तीरी?" काय शोधताय?

मला कानडीत खर्ज समजावता येईना. मी नुसतं "इथंच कुठंतरी असणार" म्हणालो. अक्कांनी वाटी खाली ठेवली, पदर खोचला आणि दुसऱ्या बाजूनं त्याही रांगू लागल्या. शोकेसखाली हात घालून त्यांनी थोड्याच वेळात कुकरची शिट्टी बाहेर काढली. गेल्या दिवाळीपासून हरवलेली. हिनं ती ओवाळायचीच बाकी ठेवली. आमच्या घरात डीएसपीचा पहिला निर्विवाद फायदा तो.

जागा मात्र सापडली. समोरच्या भिंतीच्या मध्यावर एक खोकं आणि बरोबर पाठीमागच्या भिंतीच्या मध्यावर दुसरं. हर्मन कंपनीतल्या टॉड वेल्टी यांनी २००२ साली ध्वनि-अभियंत्यांच्या परिषदेत नेमका हाच प्रश्न मांडला होता, की सबवूफर किती पुरेत? चार भिंतींच्या मध्यावर चार सर्वांत गुणी, पण समोरासमोरचे दोनही चांगलं काम भागवतात, असं त्यातून दिसलं. दोन्ही टोकांकडून एकाच वेळी ढकललं की ती ३१ ची अडकलेली लाट उभीच राहत नाही. आईचा गडगडाट आणि माझी शांतता एकाच दिवशी कमी झाली. दोन वाहिन्यांचा अँप्लिफायर लागतो तो याचसाठी.

उरलेले उंचवटे मायक्रोफोननं शोधले. संगणकावर आरईडब्ल्यू नावाचा फुकट मिळणारा प्रोग्राम, यूएसबीचा छोटा मोजमापाचा माइक, आणि २० हर्ट्झपासून सावकाश वर चढत जाणारा एक सूर. हा सूर चढू लागला की घर हजेरी देतं. आधी खिडकीची एक काच, मग स्वयंपाकघरातल्या फळीवरची झाकणं, मग टीव्हीमागची केबल, आणि कुठंतरी पन्नाशीच्या आसपास, कुणी हात न लावता, देव्हाऱ्यातली घंटा. आलेखाच्या डाव्या टोकाला एक कुबड रोज वेगवेगळं यायचं. ते माझ्या खोक्यांचं नव्हतं. राष्ट्रीय महामार्ग ४८ वरून पुण्याकडे चढणीला लागलेल्या ट्रकांचं होतं. काकतीकरांना हा सबवूफर सरकारनं आधीच बसवून दिलाय, चोवीस तास, प्रोसेसरशिवाय.

५६ हर्ट्झला मोठा उंचवटा निघाला. तो उतरवताना मला आमच्या भजनी मंडळातला पखवाजवाला आठवत होता. पखवाजाच्या डाव्या तोंडावर भिजवलेली कणीक थापतात. सुरुवातीला मुद्दाम जास्त. मग तो थाप मारतो, मान वाकडी करून ऐकतो, बोटानं कडेची चिमूटभर कणीक खरवडतो, गुडघ्याला पुसतो, परत थाप. जास्त राहिली तर आवाज बसतो, जास्त काढली तर पोकळ होतो. वीणेकरी घाई करतात, टाळकरी चुळबुळतात, तो हलत नाही. मग एक थाप अशी येते की सगळे आपोआप सरसावून बसतात. डीएसपीच्या पडद्यावर मी तेच करत होतो. ५६ ला ८ डेसिबल खाली, परत ऐका, थोडं जास्त झालं, ६ वर आणा, रुंदी कमी करा, परत ऐका. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी भारतीय चर्मवाद्यांवर १९२० पासून लिहिलं आणि १९३४ साली बेंगळुरूहून मोठा निबंध प्रसिद्ध केला. साध्या ढोलाचे उपसूर एकमेकांशी जुळत नाहीत, पण आपल्या वाद्यांच्या तोंडावर नेमक्या जागी भार चढवला की ते ओळीत येतात आणि चामड्यातून गाण्याच्या सुराशी बसणारा सूर निघतो, हे त्यांनी सिद्ध केलं. शाईचं ते कारागिराकडे, कणकेचं वाजवणाऱ्याकडे. माझ्याकडे यूएसबीची वायर.

मग प्रत्यक्षात कुठला घ्यायचा? क्राउनच्या त्या एक्सएलएसमध्ये क्रॉसओव्हर आहे, पण हवा तो हर्ट्झ निवडून खरवडायची सोय नाही. त्याच्याआधी मिनीडीएसपीसारखी वेगळी डबी जोडावी लागते. ती अचूक असते, शांत असते, पण तिला वेगळा अडॅप्टर, वेगळ्या वायरी, आणि वायरी वाढल्या की अर्थिंगची कुरबूर वाढते. विजेचा स्वतःचा सूर ५० हर्ट्झ, आणि सबवूफर नेमका तोच सूर मनापासून गाणारा; जराशी गुणगुण शिरली की रात्रभर रियाज. बेहरिंगरच्या एनएक्स मालिकेत नावाच्या शेवटी डी असलेल्या मॉडेलांत क्रॉसओव्हर, इक्वलायझर, विलंब, लिमिटर सगळं एकाच डब्यात येतं. मी एक डबा, एक वायर या बाजूचा. दोन्ही पक्षांत कडवे लोक आहेत. त्यांच्या नादी लागू नये.

बाकीच्या गोष्टी झटपट सांगतो. हे यंत्र स्टेजसाठी जन्मलेलं, त्यामुळे त्याचा पंखा घरात ऐकू येतो; दुकानात गर्दीच्या वेळी ऐकून फसू नये, बंद खोलीत ऐकून घ्यावा. गेनचे खटके अर्ध्याच्या खाली ठेवावेत. १५ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट घ्यावा, कारण बोअरची मोटर सुरू झाली की आमच्याकडे दिवे सुस्कारा टाकतात. २० हर्ट्झच्या खालचं सगळं कापून टाकावं. तिथं ऐकण्यासारखं काही नसतं, पडदा मात्र फाटेस्तोवर हलतो. विलंबाचा हिशोब सोपा, १ मिलिसेकंद म्हणजे ३४ सेंटिमीटर.

लिमिटर, म्हणजे आवाजाला वरची हद्द घालणारी सोय, मात्र झटपट सांगण्यासारखा नाही, कारण तो अक्कांनी बसवला. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे: निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. पण हे डेसिबल मोजायची फूटपट्टी माणसाच्या कानाच्या मापानं कापलेली आहे. ३१ हर्ट्झच्या आसपास ती ३९ डेसिबल माफ करते. म्हणजे माझा सबवूफर ८५ नं धडधडला तरी मीटर ४६ दाखवणार आणि दिवसाढवळ्या मी कायद्यानं निर्दोष. अक्कांच्या फळीवरच्या स्टीलच्या डब्यांना ही सवलत माहीत नाही. "सौंड स्वल्प कमी माड्री," असा निरोप आला. मी फोन चालू ठेवून त्यांना स्वयंपाकघरात उभं केलं आणि इकडे हळूहळू आवाज चढवला. डाळीच्या डब्याचं झाकण बोललं की त्या "हूं" म्हणणार, मी आकडा टिपणार. त्या आकड्याच्या ३ डेसिबल खाली लिमिटर बसवला. कुठल्याही पुस्तकात ही पद्धत नाही, पण मला यापेक्षा न्याय्य दुसरी माहीत नाही.

ऐकायला काय? इथून जवळच्या सुळेभावीत १९२४ साली कुमार गंधर्व जन्मले. त्यांची जुनी रेकॉर्डिंगं लावली की सबवूफरला जवळजवळ रजाच. खर्जाची तार खाली ६५-७० हर्ट्झवर हलकेच गुंजते, तेवढ्यापुरता तो जागा. पाचशे वॅट बसून आहेत आणि काम करताहेत दोन. मला हे फार आवडतं. मावसभाऊ पहिल्यांदा ऐकायला आला तेव्हा बरगड्यांवर हात ठेवूनच बसला. तानपुरा झाला, आलाप झाला. "चालू हाय न्हवं?" त्यानं विचारलं. मग तबला आला, बायाँवर तळहात घासला गेला आणि तो आवाज खोलीभर खाली उतरत गेला. हात बरगडीवरून मांडीवर आला. "बराबर हाय," म्हणाला, आणि थोड्या वेळानं, "वजन न्हाई तरी."

बातमी फुटायची ती फुटलीच. गणपतीच्या आधी गल्लीतली पोरं आली. "काका, चार दिवस द्या की मंडपात. तुमचा इंजिनेर आत हाय म्हणं." नाही म्हणणं शक्य नव्हतं, वर्गणीचा पावतीपुस्तकवाला सोबतच होता. सुदैवानं असल्या अँप्लिफायरना सेटिंग कुलूपबंद करायची सोय असते. लिमिटर अक्कांच्या डब्यावर ठेवला, वर आकडी कुलूप घातलं आणि दिला. रात्री नऊला मंडपात बघतो तर तिघं-चौघं पडद्यापुढं वाकून आकडे टाकून बघताहेत. त्यांनी पहिला टाकला १८२४. कित्तूरच्या लढ्याचं साल. काकतीत राहून दुसरं काय सुचणार? उघडलं नाही. तो आकडा मी वायफायला वापरलाय, आणि तो त्यांच्याकडे केव्हाचाच आहे.